कुत्र्याला उलट्या होतायत: घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?

कुत्रा माणसापेक्षा फार सहज ओकतो. घाईघाईत गिळलेलं जेवण, अंगणातलं गवत, कचऱ्यातलं काहीबाही, सकाळी रिकाम्या पोटी साचलेलं पित्त, एवढं त्याला पुरतं. एकदा ओकून तो शेपटी हलवत परत आपल्या वाटीपाशी येतो आणि विषय तिथेच संपतो. पण पोटाला पीळ पडणं, पार्वो (कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार), आतड्यात अडकलेला मोजा या जिवावरच्या दुखण्यांची सुरुवातही उलटीनेच होते. म्हणून किती वेळा ओकला आणि रंग कोणता, एवढ्यावर निर्णय घेऊ नये. मला विचाराल तर दोन गोष्टी सगळ्यात जास्त सांगून जातात: दोन उलट्यांच्या मधल्या वेळात कुत्रा कसा वागतोय, आणि प्यायलेलं पाणी पोटात टिकतंय का.

त्याआधी, ही खरंच उलटी आहे ना, तेवढं बघून घ्या. उलटीत पोट आत-बाहेर होतं, कुत्रा लाळ गाळतो, उमाळे काढतो आणि मग बाहेर टाकतो. मान खाली घातली आणि काहीही जोर न लावता न पचलेलं अन्न घरंगळत बाहेर आलं, तर ते पोटातून नाही, अन्ननलिकेतून येतंय. हे वरचेवर होत असेल तर घरगुती पथ्याने भागत नाही. ते अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे तपासणी हवीच. तिसरा प्रकार खोकल्याचा. खोकून खोकून शेवटी पांढरा फेस काढणाऱ्या कुत्र्याला पोटाचं औषध देऊन काहीच साधत नाही. दूर उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढा. तोंडी वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त कळतं.

दोन्ही पर्यायांत काय मिळतं

घरी थांबलं की पोटाला विश्रांती मिळते आणि कुत्रा ओळखीच्या जागेत शांत राहतो. साध्या पोट बिघडण्याला बहुतेक वेळा एवढंच लागतं. अडचण अशी की आत काय चाललंय ते घरी दिसत नाही.

दवाखान्यात ते दिसतं. डॉक्टर पोट चाचपतात, एक्स-रे किंवा सोनोग्राफी करतात, रक्त तपासून किडनी, लिव्हर, साखर आणि क्षार बघतात. पोटात काहीच टिकत नसेल तर शिरेतून सलाईन देता येतं. घरी चमच्याने पाणी पाजून त्याची बरोबरी होत नाही. उलटी थांबवणारं इंजेक्शनही तिथेच घेतलेलं बरं. आतड्यात काही अडकलेलं असताना घरच्या घरी उलटी दाबली तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण अडथळा तसाच राहतो आणि आतड्याचा तो भाग सडायला लागू शकतो.

दवाखान्याची बाजू हलकी पडते ती एकाच ठिकाणी. धडधाकट, लस पूर्ण झालेला मोठा कुत्रा एक-दोनदा ओकलाय आणि आता खेळतोय. त्याला गाडीत घालून नेलं तर त्याच्या पदरी नुसता ताण पडेल.

घरी थांबायचं तर

शेवटच्या उलटीनंतर तास-दोन तास काहीच देऊ नका. मग पाणी द्या, पण वाटीभर नको. तहानलेला कुत्रा सगळं पाणी एका दमात पितो, पोट ताणलं जातं आणि ते परत बाहेर येतं. मध्यम आकाराच्या कुत्र्याला दोन-तीन चमचे पाणी किंवा बर्फाचा छोटा खडा, अर्ध्या तासाने पुन्हा तेवढंच. हे टिकलं तर प्रमाण हळूहळू वाढवायचं.

मोठ्या, निरोगी कुत्र्याला ६ ते १२ तास अन्न बंद ठेवलं तर चालतं. पूर्वी सर्रास २४ तास उपाशी ठेवायचे, आता अनेक डॉक्टर तेवढं ताणत नाहीत. नंतर कातडी, हाडं आणि चरबी काढलेलं उकडलेलं चिकन आणि मऊ भात, मीठ-मसाला-तेल काहीही न घालता, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. दोन दिवस उलटी झाली नाही की त्यात नेहमीचं खाणं मिसळायला सुरुवात करा आणि तीन-चार दिवसांत पूर्ण बदला.

या काळात हिरड्या बघत राहा. ओठ वर उचलून हिरडीवर बोट दाबा. ती जागा पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. याहून वेळ लागला, हिरडी कोरडी चिकट लागली किंवा फिकट दिसली, तर घरचे उपाय तिथेच थांबवा. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात हे नीट कळत नाही, मग खालच्या पापणीच्या आतला भाग बघा. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं तर फोन करा, १०४ ला थेट निघा.

आणि थांबण्याला मुदत ठेवा. ‘बघू सकाळपर्यंत’ ही मुदत नव्हे. आता दिलेलं पाणी दोन तासांत टिकलं नाही, किंवा दिवसभरात तिसरी-चौथी उलटी झाली की निघायचं, हे आधीच ठरवून टाका. रात्री उशिरा दमलेल्या डोक्याने हा निर्णय नीट होत नाही.

जिथे थांबायचंच नाही

सगळ्यात आधी कोरडे उमाळे. कुत्रा अस्वस्थपणे फेऱ्या मारतोय, बसतो, लगेच उठतो, मान ताणून जोर लावतो, आणि बाहेर येतो फक्त चिकट लाळेचा धागा. फासळ्यांमागे पोट ताठ झालंय, टिचकी मारली तर पोकळ वाजतं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या मोठ्या जातींत हा धोका जास्त असतो, पण इतरांना होणारच नाही असं नाही. पोट हवेने फुगून स्वतःभोवती पिळलं जातं, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जातो. इथे पाणी पाजायचं नाही, पोट चोळायचं नाही. गाडीत बसता बसता दवाखान्याला फोन करा, म्हणजे तिथे ऑपरेशनची तयारी सुरू होईल.

उलटीत ताजं रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट गाळ दिसला, शौच काळं डांबरासारखं झालं, कुत्रा निपचित पडलाय, झोकांड्या खातोय, झटके आले, यातलं एकही असेल तर तसंच निघायचं. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून तो बराच वेळ राहत असेल तर पोटात चांगलंच दुखतंय. तेलकट-चरबीचं खाणं झाल्यानंतर असं दिसलं तर स्वादुपिंडाची सूज असू शकते.

विषाच्या बाबतीत मात्र मी वर सांगितलेली कसोटी लागू पडत नाही. कुत्रा छान दिसतोय म्हणून थांबणं इथे महागात पडतं. झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असलेलं च्युइंगम खाल्लं तर अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळू शकते. द्राक्षं किंवा मनुका खाल्ल्यावर आधी उलट्या होतात, मग कुत्रा थोडा सावरल्यासारखा वाटतो, आणि एक ते तीन दिवसांत किडनी बंद पडते. डार्क चॉकलेट, माणसांच्या दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, उंदराचं औषध, गाडीचं कूलंट यांचंही तसंच: खाल्ल्याचं कळलं की लगेच फोन, पाकीट हातात धरून. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न कृपा करून करू नका. मीठच विष ठरू शकतं. अ‍ॅसिड किंवा रॉकेलसारखं काही गिळलं असेल तर ते वर येताना पुन्हा भाजतं किंवा फुफ्फुसात जातं.

मोठा कुत्रा आणि पिल्लू यांना एकच नियम नाही

वर सांगितलेला उपास पिल्लांना आणि अगदी छोट्या जातींना चालत नाही, त्यांची साखर पटकन उतरते. लस अपुरी असलेलं पिल्लू ओकतंय, मलूल झालंय आणि जुलाबाला कुबट वास किंवा रक्त आहे, तर पार्वोची शंका आधी घ्या. शौचाच्या नमुन्यावरून त्याची चाचणी दवाखान्यातच मिनिटांत होते. जाण्याआधी फोनवर कल्पना द्या, म्हणजे त्याला इतर पिल्लांपासून वेगळं ठेवता येईल. म्हातारा कुत्रा, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेला कुत्रा यांनाही थांबण्याची मुभा कमीच.

ऑपरेशन न केलेल्या मादीकडे विशेष लक्ष हवं. माज संपून काही आठवडे झालेत, ती खूप पाणी पितेय, सुस्त आहे आणि ओकतेय, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर काही स्राव दिसेलच असं नाही, उलट दिसत नाही तेव्हा धोका जास्त. त्याच दिवशी दाखवा.

ना घाई, ना दुर्लक्ष

एक मधला गट उरतो, आणि तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. आठवड्यातून एक-दोनदा ओकतो, बाकी ठीक आहे, आणि हे तीन आठवडे चाललंय. इथे रात्री धावाधाव नको, पण अपॉइंटमेंट घ्यायलाच हवी. रोज पहाटे फक्त पिवळा फेस काढत असेल तर आधी रात्री झोपण्यापूर्वी थोडंसं खाणं देऊन बघा, पुष्कळदा एवढ्याने थांबतं. वजन उतरत असेल तर मात्र हा प्रयोगही करत बसू नका.

जाताना उलटीचा फोटो, शेवटची उलटी किती वाजता झाली, पाणी कधी टिकलं, शौच कधी झाली, चालू असलेली औषधं आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. घरातला चेंडू, दोरा, मोजा, मक्याचं कणीस यातलं काही गायब असेल तर ते स्वतःहून सांगा. मक्याचं कणीस एक्स-रेमध्ये सहज दिसत नाही. तुम्ही सांगितलं तरच डॉक्टर त्याच्या शोधात सोनोग्राफी करतील.