बिननावाची १५० सीसी एटीव्ही: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल: इंजिन खणखणीत, वायरिंग भिकार, प्लास्टिकचं नाव काढू नका.

एटीव्ही म्हटलं की लोकांना रिसॉर्टवर धूळ उडवत फिरणारी चारचाकी आठवते. माझी तशाच एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या शेडमधून उचललेली आहे. आता ती गोराईला मामांच्या वाडीत नारळ, शेणखत आणि पाण्याचे पाइप ओढते. वाडीतली वाट अरुंद, जमीन रेताड. छोटा हत्ती फाटकाशीच थांबतो, तिथून आतलं सगळं काम हिचं. थंडीत घेतली, उन्हाळ्याच्या शेवटी धड चालू झाली आणि पावसाळाभर राबली.

विकणारा म्हणाला, "जपानी माल आहे साहेब, पंधराचं मॉडेल." टाकीवर एका मोठ्या जपानी कंपनीचा स्टिकरही होता. अशा गाडीच्या स्टिकरवर काडीचा विश्वास ठेवू नये. बघायच्या जागा दोनच: चासीवर ठोकलेला सतरा अक्षरा-आकड्यांचा नंबर आणि इंजिनावरचा कोड. चासी नंबर पुढच्या बंपरमागच्या आडव्या नळीवर निघाला, तोही रंगाचे थर वायर ब्रशने खरवडून वर खडूची पूड चोळल्यावर. पहिलं अक्षर 'एल', म्हणजे चीन. जपानी गाडीचा नंबर 'जे'ने सुरू होतो. दहाव्या जागी मॉडेलचं वर्ष असतं. तिथे '८' होता, म्हणजे २००८. '९' म्हणजे २००९, आणि २०१० पासून ए, बी, सी असं पुढे. पंधराचं मॉडेल असतं तर तिथे 'एफ' हवा होता. विकणाऱ्याला हे दाखवलं तेव्हा त्याने वाद घातला नाही, गुपचूप भाव खाली आणला.

इंजिनाचा कोड डाव्या बाजूला, बेल्टच्या कव्हरखाली, मातीत गाडलेला होता: १५७ क्यूएमजे. हा वाचता आला की निम्मी दुरुस्ती झाली म्हणून समजा. १ म्हणजे एक सिलिंडर. ५७ म्हणजे बोअर, सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. 'क्यू' म्हणजे पंख्याच्या हवेने थंड होणारं, 'एम' म्हणजे मोटरसायकल वर्ग, 'जे' म्हणजे १५० सीसीचा गट. नेमका बोअर ५७.४, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ५७.८, त्यावरून सिलिंडरचं घनफळ काढलं की १४९.६ सीसी येतात. याच घराण्यात १३९ क्यूएमबी ५० सीसीचं आणि १५२ क्यूएमआय १२५ सीसीचं. पण आकड्यांनंतरचं पहिलं अक्षर 'एफ' असेल, जसं १५२ एफएमएच, तर ते ११० सीसीचं आडव्या सिलिंडरचं वेगळंच इंजिन, आणि त्याचे पार्ट इकडे चालत नाहीत. माझ्या इंजिनाच्या घराण्याला बाजारात जीवाय६ म्हणतात. मूळ आराखडा होंडाच्या स्कूटरवरून आलेला, पुढे तैवान आणि चीनमधल्या ढीगभर कारखान्यांनी काढलेला. म्हणजे विकणारा अगदीच थापा मारत नव्हता म्हणायचं!

फायदा असा की हे पार्ट गाडीच्या नावावर नाही, आकड्यावर मिळतात. "एटीव्हीचा बेल्ट द्या" म्हटलं की दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. जुन्या बेल्टवरच ८४२-२०-३० छापलेलं होतं: लांबी ८४२ मिमी, रुंदी २०, कडांचा कोन ३० अंश. हेच इंजिन आखूड केसमध्ये येतं, त्याला ७४३ चा लागतो. "स्कूटरचा टाका, चालतो" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील, त्यांना आधी आकडा विचारायचा. मागच्या अ‍ॅक्सलच्या बेअरिंगचंही तेच. कडेवर ६२०६ लिहिलेलं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक, ३० मिमी. पुढे '२आरएस' असलेलंच घ्यायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असतं. आमच्या रेतीत उघडं बेअरिंग एक पावसाळा काढणार नाही. "इम्पोर्टेड पार्ट आहे, मागवावा लागेल" असं ज्याच्याबद्दल मला ऐकवलं गेलं, ते मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर समोरच्या फळीवर पडलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र करंटने खाल्ला. सेल्फ फिरतो, प्लगला ठिणगी नाही. एका मेकॅनिकने गाडीला हात न लावता निदान केलं: "सीडीआय गेला, कॉइल गेली, मॅग्नेट वीक आहे. पूर्ण सेट टाकू या." मी लॅमिंग्टन रोडवरून साधा मल्टिमीटर घेऊन आलो. या गाड्यांचे सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी पाठवणाऱ्या डब्या, दोन जातींचे, एसी आणि डीसी. वरून डबी तीच दिसते, कनेक्टरही बसतो. पण एसीवाल्याला मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलकडून करंट लागतो आणि डीसीवाल्याला बॅटरीचे १२ व्होल्ट. जात चुकली की नवा कोरा सीडीआय लावूनही गाडी मुकीच. काळ्या-लाल वायरवर मीटर एसीला लावून सेल्फ मारला तर आकडा चाळिसाच्या वर गेला. म्हणजे गाडी एसी जातीची आणि आतली कॉइल जिवंत. मग सीडीआयच्या कनेक्टरमधून काळी-पांढरी वायर काढली. ही इंजिन बंद करायची वायर. ती चासीला टेकली की ठिणगी मेली. ती बाजूला ठेवून सेल्फ मारला आणि प्लगवर निळी ठिणगी टकटकायला लागली. सीडीआय, कॉइल, मॅग्नेट सगळं ठणठणीत. हँडलवरचा किल स्विच खाऱ्या हवेने आतून हिरवा पडलेला, आणि मागे दोरीचा स्विच असतो, दोरी ओढली की इंजिन बंद, त्याची वायर सोलवटून चासीला चिकटलेली. दोन्ही स्विच नवे टाकले, विषय संपला.

ही काळी-पांढरी वायर कायमची तोडून गाडी "दुरुस्त" करून देणारे महाभाग आहेत. मग बंद करायची कशी, तर पेट्रोलचा कॉक फिरवा आणि वाट बघा. असली गाडी घेत असाल तर चालू असताना किल स्विचचं लाल बटण दाबून बघा. बंद पडली नाही तर पुढे सगळीकडे हाच हात फिरलाय असं धरून चाला. मागची दोरी मी मुद्दाम ठेवली आहे. सुट्टीत वाडीवर पोरं जमतात, गाडीवर बसायचा हट्ट धरतात, तेव्हा मागे चालणाऱ्याच्या हातात ती असलेली बरी.

कार्बोरेटर पीडी२४जे. पायलट जेट, म्हणजे मंद चालीला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, सुकलेल्या पेट्रोलने बुजलेलं. तारेने टोकरायचं नाही, क्लीनर मारून हवा द्यायची. वरचा रबरी डायफ्रॅम उजेडासमोर धरून पाहिला तर टाचणीएवढं भोक दिसलं. गाडी अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे ढिम्म का राहते ते तेव्हा कळलं. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि २००८ च्या रबराला ते मानवेल याची खात्री कोण देणार, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि ओरिंग सरसकट बदलले. इथेनॉल पाणी धरतं. पावसात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. एवढं केलं की पुढच्या वेळी नाटकं करत नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर ०.१० मिमी, मॅग्नेटवरची 'टी' खूण जुळवून. ऑइलला वेगळा फिल्टर नाही, खाली फक्त जाळी. तिचं मोठं झाकण उघडताना आतली स्प्रिंग उडते, तेव्हा तोंड बाजूला ठेवा.

आता चालवण्याबद्दल. मागचा अ‍ॅक्सल सलग, डिफरन्शिअल नाही, त्यामुळे वळताना मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि पुढचा भाग सरळच जायला बघतो. अंग वळणाच्या आत झोकावं लागतं. मोटरसायकलवाल्याला हे शिकायला वेळ लागतो, मामांना लागला नाही; त्यांनी बैलगाडी हाकली आहे. रिव्हर्स आहे ही मोठी सोय. टायरवर पुढे २१x७-१० आणि मागे २२x१०-१० लिहिलंय: बाहेरचा व्यास, रुंदी, रिम, सगळं इंचांत. हवा फक्त पाचेक पीएसआय. पंपावरचा पोरगा सवयीने तीस भरायला निघतो, आणि तेवढ्या हवेत गाडी रेतीत रुतते आणि खड्ड्यात उडते. कमी दाबाचा गेज वेगळा घ्यावा लागला. चेनला घट्ट ग्रीस लावायचं बंद केलं, रेती धरून ठेवतं.

गाडी वाडीच्या फाटकाबाहेर काढत नाही. चौपाटी समोर दिसते, भाचे मंडळी खुणावतात, पण हिला नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. आणली तीसुद्धा भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने टेम्पोत घालून. ज्यांच्याकडे स्वतःची जागा नाही त्यांनी हा शौक कशाला करायचा, मला कळत नाही.

खर्च म्हणाल तर दुरुस्तीत खरेदीच्या निम्म्यावर रक्कम गेली, त्यातही सगळ्यात महाग पडले टायर. मडगार्ड उन्हाने इतके वाळलेत की बोल्ट आवळला की तडकतात. तिथे आता पत्र्याच्या पट्ट्या आहेत आणि दिसायला गाडी भंगारातली दिसते. मागची डिस्क चोख धरते. पुढचे ड्रम ब्रेक अजून लोण्यासारखे. शू झिजलेत आणि त्यांच्यावर कुठलाच नंबर नाही, म्हणून जुना शू काढून व्यास आणि रुंदी मोजून ठेवली आहे. तोच पिशवीत टाकून ऑपेरा हाऊसची दुकानं पालथी घालायची आहेत. तोवर ट्रॉली जोडलेली असताना उतारावर रिकामीच न्यायची, असं मामांकडून कबूल करून घेतलंय.