कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टर लायसन्स: बी घ्यायचं की बी-2?

नवीन घर उभं करायचं किंवा वर मजला चढवायचाय तर प्रश्नच मिटला, जनरल बिल्डिंगचं बी लायसन्सच लागतं. बी-2 हे 2021 पासूनचं, फक्त लाकडी फ्रेमच्या राहत्या घरांच्या रिमॉडेलिंगसाठी, आणि अट अशी की एकाच कॉन्ट्रॅक्टमध्ये कमीत कमी तीन वेगवेगळ्या ट्रेडचं (बांधकामातल्या कामाच्या प्रकारांचं) काम पाहिजे, म्हणजे किचनमध्ये टाइल, ड्रायवॉल (जिप्समचे भिंतीचे बोर्ड), कॅबिनेट असं सगळं मिळून चालतं, पण नुसती टाइल बसवून द्या म्हटलं की हात वर. खरी गोची भिंतीची. किचन आणि हॉल एक करायचाय आणि मधली भिंत लोड-बेअरिंग (वरचा भार पेलणारी) निघाली तर बी-2 वाल्याने तिला हात लावायचा नाही, फाउंडेशनलाही नाही. प्लंबिंग-वायरिंगचेही फक्त किरकोळ बदल.

बाकी दोन्हीकडे सारखंच: गेल्या 10 वर्षांतला 4 वर्षांचा अनुभव, दोन पेपर (कायदा-बिझनेस आणि ट्रेड), 25,000 डॉलरचा हमीचा बॉण्ड. त्यामुळे बी-2 म्हणजे स्वस्तातला शॉर्टकट वगैरे काही नाही हां! ज्यांनी वर्षानुवर्षं बाथरूम-किचनच केलीत, फ्रेमिंग (घराचा सांगाडा उभारणं) कधी केलंच नाही, त्यांना बी मिळवताना अनुभवावर घोडं अडायचं, त्यांच्यासाठी आहे ते. फ्रेमिंगचा अनुभव असेल तर सरळ बी लायसन्सलाच अर्ज टाका.