मांजलपूरचं घरगुती पेट बोर्डिंग: आमची सोनी, भाऊसाहेब आणि चिंधी सहा दिवस राहून आले

मे महिन्यात पुण्याला भाच्याचं लग्न होतं आणि आमच्या घरात आहेरापेक्षा जास्त चर्चा झाली ती आमची कुत्री सोनी आणि दोन मांजरं, भाऊसाहेब नि चिंधी, या तिघांना कुठे ठेवायचं याची. ट्रेनने न्यायचं तर कुत्र्यासाठी फर्स्ट एसीचा अख्खा कूपे लागतो नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि 11 वर्षांच्या म्हाताऱ्या सोनीला त्या उकाड्यात पेटीत घालायचं मनातच येईना. त्यात मागच्या वर्षी एका ठिकाणी (नाव घेत नाही) सोनीला चार दिवस ठेवलं होतं तर घसा बसून आणि कानात गोचिड्या घेऊन आली, मग ताप, प्लेटलेट्स खाली, 28 दिवस डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक. तेव्हापासून सासऱ्यांनी बोर्डिंग हा शब्दच घरात बंद केला होता.

हे बडोद्यातल्या मांजलपूरचं एका ओळखीच्यांनी सांगितलं. एक गुजराती बेन आणि त्यांचा मुलगा स्वतःच्याच घरात चालवतात, एकावेळी सहा-सातच प्राणी घेतात. फोन केला तर भाव सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, तिघांचे स्वभाव सांगा. मी म्हटलं किती वेळ आहे तुमच्याकडे, त्या म्हणाल्या बोला ना, मी वही घेऊन बसलेय. तिथेच मला पटलं.

तर सोनी. पांढरीशुभ्र, सगळे पॉमेरियन म्हणतात पण ती इंडियन स्पिट्झ आहे, पूर्वी आपल्याकडे घरोघरी असायचे ते हेच. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली, आणि संध्याकाळी सात वाजता सासरे देवासमोर रामरक्षा म्हणायला बसले की त्यांच्या गुडघ्याला टेकून बसणार, म्हणून होईपर्यंत हलायचं नाही. भाऊसाहेब म्हणजे केशरी बोका, सहा किलोचा, पाहुणे आले की पहिला दारात, खाकऱ्याच्या पुड्याचा आवाज तिसऱ्या खोलीतून ऐकू येतो, आणि चिंधीचं खाऊन झाल्याशिवाय तिच्या वाटीला कधी तोंड लावत नाही, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. चिंधी तीन रंगांची, काळी केशरी पांढरी, गोधडीला ठिगळं लावावीत तशी, म्हणून चिंधी. सुरसागर तलावाजवळ पावसात सापडली होती, तेव्हाची भीती अजून गेलेली नाही, अनोळखी माणूस दिसला की दोन दोन दिवस कपाटावरून उतरत नाही. माझा सगळा जीव हिच्यात अडकला होता.

बेननी लसीची कार्डं आधी व्हॉट्सॲपवर मागवली, सोनीचं रेबीज आणि सेव्हन-इन-वन, मांजरांचं ट्रायकॅट आणि रेबीज, तारीख उलटलेली असेल तर घेत नाहीत म्हणाल्या. मग विचारलं सोनीच्या मानेवर गोचिडीचं कुठलं औषध टाकता आणि कधी टाकलं, कारण कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विषारी, एकाच घरात राहायचं तर माहीत हवं. हे मला आजवर कुठल्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं. उन्हाळा आहे म्हणून सोनीचे केस पूर्ण उतरवू का असं मीच विचारलं तर नाही म्हणाल्या, त्या जातीचे दुहेरी केस उन्हापासूनही वाचवतात, फक्त रोज विंचरेन. आणि हो, मांजरांसाठी घरात वापरलेलं, न धुतलेलं कापड द्या. मी माझी जुनी सुती साडी दिली.

मांजरांची खोली वेगळी, खिडकीला जाळी, कुत्री तिकडे जातच नाहीत. पहिल्या दिवशी भाऊसाहेबांचा फोटो आला, बेनच्या मुलाच्या लॅपटॉपवर बसलेले, खाली मेसेज, भाऊसाहेबे जमी लीधुं, म्हणजे भाऊसाहेब जेवले. चिंधीचा फोटोच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मेंदीच्या गडबडीत आणि बेनचा फोन, की चिंधीने कालपासून काहीच खाल्लेलं नाही, कपाटावर आहे, मी ओढून काढलेलं नाही आणि काढणारही नाही, पण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरवर येतं, सकाळपर्यंत नाही खाल्लं तर मी डॉक्टरकडे नेईन, तुमची परवानगी आहे ना. रात्रभर झोप नाही. पहाटे व्हिडिओ आला, कॅमेऱ्यातला, अडीच वाजताचा. चिंधी आधी साडीवर उतरली, दोन्ही गाल घासले तिच्यावर, मग बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनची वाटी चाटूनपुसून साफ केली, आणि भाऊसाहेब हातभर अंतरावर पाठ करून बसलेले, दाराकडे तोंड. ती संपवून वर गेल्यावरच ते उठले. मी लग्नघरात मंडपाच्या मागे उभी राहून रडले.

आणि सोनीचं. पहिल्या दिवशी सातला ती दारापाशी जाऊन रडायला लागली, भुंकणं नाही, बारीक आवाजात रडणं. वहीत लिहिलेलंच होतं, बेननी सासऱ्यांना फोन करून रामरक्षा रेकॉर्ड करून मागितली. 74 वर्षांच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा व्हॉइस मेसेज पाठवला. रोज सातला ती लावायच्या आणि सोनी मोबाइलशेजारी टेकून बसायची.

पैसे म्हणाल तर कुत्र्याचे दिवसाला 600, मांजराचे 400, दोघं एका खोलीत म्हणून दुसऱ्याचे 300, सहा दिवसांचे 7800 झाले, मांजरांच्या शी-शूच्या मातीचे (लिटर) वेगळे. बडोद्याच्या मानाने जास्त आहेत पण मला खटकले नाहीत.

खटकलं ते सांगते. एका दुपारी दोन तास लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर नुसता पंखा चालतो, एसी नाही, मे महिन्यात हे चालत नाही, दाट केसांच्या कुत्र्याला तर नाहीच. त्यांनी ओली चादर अंथरली, पाण्यात बर्फ टाकला आणि स्वतःहून कळवलं हे खरं, तरी सोय करायला हवी आणि मी तोंडावर बोलले पण. कुत्री पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, गुडघ्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला उचलून न्यावं लागतं. परत न्यायची वेळ फक्त 10 ते 12, आमची गाडी पहाटे आली तर घरी येऊन रिकाम्या वाट्या बघत बसलो.

आणायला गेलो तेव्हा सासरेही आले, जे कधी येत नाहीत. सोनी कानातून, पंजांच्या बोटांमधून सगळी तपासली त्यांनी तिथेच, एक गोचीड नाही. बेननी वहीची पानं फाडून दिली, कोण किती वाजता काय जेवलं, शी कशी होती सगळं. शेवटच्या दिवशी चिंधीपुढे लिहिलंय, आज माझ्या पायाला एकदा घासून गेली.

दिवाळीत नाशिकला जायचंय, सासऱ्यांनी स्वतः फोन करून तारखा सांगून ठेवल्यात आणि इन्व्हर्टरचं काय झालं तेही विचारलं.