पोस्टग्रेसमध्ये फंक्शन आणि टाइप कुठे ठेवावेत: पीजी_टेम्प की स्वतंत्र स्कीमा?

इंदूरला सराफ्याजवळच्या एका दुकानाचा हिशेब माझी मावसबहीण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवते. घडणावळीचं फंक्शन (नाव देऊन साठवलेली आकडेमोड) आणि वजनाचा टाइप (डेटाचा प्रकार) कुठे करावा, असं तिने विचारलं. स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला नाव दिलेला कप्पा. पर्याय दोन: पीजी_टेम्प हा तात्पुरत्या गोष्टींचा स्कीमा, किंवा आपण बनवलेला स्वतंत्र स्कीमा.

टिकण्याचं म्हणाल, तर पीजी_टेम्पमधलं सगळं सेशनबरोबर, म्हणजे डेटाबेसशी जोडणी संपली की जातं. स्वतंत्र स्कीमातलं ड्रॉप करेपर्यंत (काढून टाकेपर्यंत) राहतं, पीजी_डम्प या साधनाने घेतलेल्या बॅकअपमध्येही येतं.

खरी गोम नाव शोधण्यात आहे. तात्पुरता टाइप नुसत्या नावाने सापडतो, सर्च_पाथमध्ये (नाव कोणत्या स्कीमांत शोधायचं त्या यादीत) वेगळं लिहिलं नसेल, तर सर्वांत आधी पीजी_टेम्पमध्येच शोधला जातो. फंक्शन मात्र तिथे कधीच शोधलं जात नाही, पुढे पीजी_टेम्प लावावंच लागतं. हा नियम मला फार योग्य वाटतो, नाहीतर कुणीही तात्पुरतं फंक्शन करून मूळ फंक्शन झाकलं असतं. स्वतंत्र स्कीमा सर्च_पाथमध्ये घातला की नुसतं नाव पुरतं. सिक्युरिटी डिफायनर फंक्शन (चालवणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या अधिकाराने चालणारं) असेल, तर त्याचा सर्च_पाथ तिथेच बांधा आणि पीजी_टेम्प शेवटी लिहा.

मेहनत स्कीमाला जास्त: बनवण्याची परवानगी, मग इतरांना युसेज (वापरण्याची परवानगी). पब्लिक या आयत्या मिळणाऱ्या स्कीमात सरसकट बनवण्याची मुभा आवृत्ती 15 पासून नव्या डेटाबेसमध्ये नाही.

एकदाच डेटा साफ करायचा असेल तर पीजी_टेम्प. रोजच्या बिलांना, दोघांनी वापरायच्या कामाला स्वतंत्र स्कीमाच.