मिशेलिन रोड ५: ताम्हिणीचा पाऊस, चेन्नईचा ट्रॅक आणि हवेचा काटा

माझ्या टीव्हीएस अपाचे आरआर ३१० या मोटरसायकलवर कंपनीकडूनच मिशेलिनचे रोड ५ टायर येतात, त्यामुळे ११०/७० आणि १५०/६० या साइजचं पुराण इथे लावत नाही. पहिली जोडी झिजली तेव्हा आमच्या बाइकवाल्या ग्रुपचं एकमत होतं: रेसच्या ट्रॅकवर जायचंय ना, मग लांबच्या प्रवासाचा टूरिंग टायर नको, पिरेलीचा स्पोर्ट टायर डायब्लो रोसो ३ घे. मी पुन्हा रोड ५ च घेतले. एक पावसाळा, एक हिवाळा आणि चेन्नईची वारी झाल्यावर हे लिहितेय.

आधी खरेदीचं भांडण, कारण ते कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. नाना पेठेतल्या एका दुकानदाराने ‘जोडी आलीय’ म्हणून बोलावलं. मी टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी या कोडच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहिले, ती टायर बनल्याची तारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागचा टायर तीन वर्षांहून जुना निघाला. “मॅडम, गोडाऊनमध्येच होता, रबर काय नासतं का?” नासत नाही, पण हळूहळू कडक होतं, आणि हा गृहस्थ नव्या मालाचे पूर्ण पैसे मागत होता. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, परवान्याशिवाय माल येईना. तेव्हापासून कमी खपाच्या साइजचा पडून राहिलेला टायरसुद्धा सोन्याच्या भावाने खपवायची सवय काही दुकानांना लागलीय. मी आगाऊ दिलेले पैसे परत मागितले. ते मिळायला तीन आठवडे आणि बरीच बोलाचाली लागली. दुसऱ्या दुकानात जोडी घेतली ती तारखेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवूनच.

आता रोड ५ च का, ते. मी गाडी टेम्पोत घालून ट्रॅकला नेत नाही, चालवत नेते. चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आपल्याच राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहे. कात्रजचा बोगदा ओलांडला की सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळुरू, वेल्लोर. रस्त्याचा नंबर बदलत नाही. जाऊन-येऊन २,४०० किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सरळ. मऊ रबराचा टायर या रस्त्यावर मधून सपाट होतो, आणि सपाट टायर घेऊन वळणात शिरणं फार वाईट. गाडी आधी झुकायलाच मागत नाही, आणि मग एकदम पडल्यासारखी आत जाते. रोड ५ च्या मागच्या टायरला मधे कडक रबर आहे, कडांना मऊ, आणि त्या मऊ रबराच्या खालीही कडक थर जातो. मिशेलिन याला २सीटी+ म्हणते. मला हवं होतं ते हेच.

नवीन टायरचा निसरडा थर जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून काढले. नंतर ताम्हिणी. मुळशी मागे पडली की पावसात काय असतं ते पुणेकरांना सांगायला नको: धुकं, कडेला शेवाळ, वळणावर वाहून आलेली लाल माती. थंड, ओल्या रस्त्यावर पहिल्याच वळणापासून टायर बोलतो. समोरून अचानक एसटी आली तेव्हा पुढचा ब्रेक जोरात दाबला, चाक जराही हललं नाही. पावसाळ्यापुरते दहापैकी दहा.

ट्रॅकवरच्या पहिल्या सत्रानंतर मात्र माझं मत पार फिरलं होतं. उजव्या वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की मागचं चाक सरकायचं, प्रत्येक लॅपला. ग्रुपचंच खरं, असं वाटलं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, आल्या आल्या हवेचा दाब मोजायचा स्वतःचा काटा लावला: मागे ४२ पीएसआय (दाबाचं एकक). सकाळी हायवेवरच्या पंपावर मशीनने ३३ दाखवून हवा भरली होती. गणित सोपं आहे. टायर ३० अंशांवरून ६० अंशांवर गेला तर ३३ चे साधारण ३८ होतात, ४२ नाही. म्हणजे मुळात ३७ च्या आसपास भरली गेली होती. पंपाचं मशीन चार पीएसआय खोटं बोलत होतं!

गरम टायरमध्येच मागे ३६ वर आणली आणि पुन्हा गेले. तोच टायर, तीच वळणं, सरकणं बंद. ३.७ किलोमीटरच्या त्या लॅपमध्ये गुडघा टेकला, कडा शेवटपर्यंत वापरल्या गेल्या, आणि खूप आनंद झाला. मैत्रिणीच्या रोसोवरही काही लॅप मारल्या. पुढच्या चाकाचा अंदाज त्यात जास्त स्पष्ट मिळतो, ब्रेक धरून वळणात शिरताना फरक कळतो. पण हवा बरोबर आणि चुकीची यातला फरक मला या दोन टायरमधल्या फरकापेक्षा मोठा वाटला.

त्यामुळे टायरच्या परीक्षणात हवेवर इतकं लिहितेय. हजारो रुपयांचा टायर घेऊन पंपावरच्या त्या आपटून आपटून मार खाल्लेल्या नळीवर भरवसा ठेवणं मला सहन होत नाही. स्वतःचा काटा घ्या, एकच, आणि कायम तोच वापरा. पंपावर पोचेपर्यंत चाक तापलेलं असतं, म्हणून घरून निघण्याआधी मोजा. नायट्रोजनने हे सगळं सुटतं असं पंपवाले सांगतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. ट्रॅकवर कमी केलेली हवा परतीच्या आधी भरायला विसरू नका. कमी हवेवर सामान लादून हायवे कापला तर टायर उगाच तापतो.

झीज म्हणाल तर ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे उजवी कडा डावीपेक्षा जास्त खाल्ली गेलीय. मागे मधेही सपाटपणा जाणवू लागलाय, पण तो ४८ नंबरच्या रस्त्याचा हिशेब आहे आणि पहिल्या जोडीइतकाच आहे.

गाडी टेम्पोतून नेणार असाल आणि पावसात चालवत नसाल तर रोसो घ्या, मी अडवणार नाही. माझा मागचा टायर आता झिजेच्या खुणेजवळ आलाय, पुढचा अजून एक मोसम काढेल. पावसाच्या आत मागचा तेवढा बदलतेय, हाच.