गुण आला, तिथंच फसलो

औषधानं गुण आला नाही, तर माणूस दोन महिन्यांत शहाणा होतो. आम्हाला गुण आला, म्हणून पाच महिने फसत राहिलो.

आम्ही पाचोऱ्याकडचे. हे एस.टी.त ड्रायव्हर होते. तीस वर्षं क्लच दाबून डावा गुडघा कामातून गेलेला. मी तेव्हा 51 वर्षांची, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. अंगातून वाफा निघायच्या, रात्री उशी भिजायची. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो, तेव्हा बाहेरचं ऊन कोणतं नि अंगातलं कोणतं, हेच कळत नाही. पण डिसेंबरातही पदरानं वारा घ्यायची वेळ आली, तेव्हा म्हटलं, हे वयाचंच.

त्याच डिसेंबरात शेतात भरीत-पुरीचा कार्यक्रम होता. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती आणि नणंदेचे जावई मला समजावत होते, "मामी, तुम्हाला रोग नाहीच. वयानं हार्मोन कमी झालेत. मामांचेही. भरून काढायचे, बस." ट्रॅक्टरमध्ये ऑइल टाकावं तसं बोलत होते. पण जावई माणूस, तोंडावर नाही कसं म्हणणार?

जानेवारीत एका मंगल कार्यालयात मोफत शिबिर झालं. कोट घातलेल्या साहेबांनी हातात धातूची दांडी धरायला दिली. कॉम्प्युटरवर एक मिनिट चित्रं फिरली आणि 38 पानांचा रिपोर्ट बाहेर आला. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, ग्रोथ हार्मोन, सगळ्यांपुढे लाल रंग. माझ्या रिपोर्टात एका पानावर 'प्रोस्टेट उत्तम' असंही होतं, आणि ती ग्रंथी तर पुरुषांनाच असते. आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि तरी 42,000 रुपये दिले. कापसाचे पैसे नुकतेच आले होते, दुसरं काय! सहा महिन्यांचा सप्लिमेंटचा 'जोडी कोर्स', पुरुषाची डबी वेगळी, बाईची वेगळी. पैसे जावयांच्या फोनवर पाठवले. बिल मागायचं सुचलंच नाही.

आठ दिवसांत ह्यांचा गुडघा दुखायचा थांबला. मी खोटं सांगत नाही, माणूस जिना चढून गच्चीवर गेला. भूक एवढी वाढली की कळण्याच्या दोन भाकरींच्या जागी चार लागायला लागल्या. माझ्या वाफा गेल्या, झोप लागायला लागली. शेजारीण म्हणाली, "माय वं, तू ते पोरगीसारखी दिखी ऱ्हायनी!" मी लाजलेसुद्धा. आणि आमचं बघून गल्लीतल्या आणखी दोघींनी डब्या घेतल्या. ते ओझं माझ्यावर आहे.

एप्रिलमध्ये मला पाळी आली.

दोन वर्षांनंतर! घाबरून जावयांना फोन केला, तर ते खुशीत. "मामी, अभिनंदन! वय मागं चाललंय." आणि मी, नववीपर्यंत शिकलेली, तीन मुलं वाढवलेली बाई, त्यावर विश्वास ठेवून बसले. पाळी पूर्ण थांबून वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथं सांगते. मी महिनाभर अंगावर काढलं.

तोवर ह्यांचं तोंड भाकरीसारखं गोल झालं होतं. लोक म्हणायचे, पेन्शन मानवली. दंडावर साधा धक्का लागला तरी निळं पडायचं. जूनमध्ये ह्यांच्या डब्या संपल्या, जावई फोन उचलेनात. पाचव्या दिवशी उलट्या, हातापायातला जीव गेला, उभं राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. जळगावला ॲडमिट केलं. साखर 210 निघाली, आयुष्यात कधी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गुडघ्यासाठी पुड्या, गोळ्या काही?" हे म्हणाले, "नाही, औषध काहीच नाही." खरंच वाटत होतं त्यांना तसं. सप्लिमेंट म्हणजे औषध थोडंच? मीच पिशवीतून डबी काढली. बाईंनी ती उजेडाकडे धरली आणि कोपऱ्यातली बारीक ओळ मला वाचायला लावली. 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं होतं. एवढे महिने ती डबी माझ्या देवघराशेजारी होती.

सकाळी आठला कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं, जवळजवळ शून्य. बाईंनी समजावलं ते असं: गुण इतक्या लवकर येतो तेव्हा बहुतेकदा आत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम सोडून देतात. मग अचानक बंद केलं तर शरीराकडे स्वतःचं काहीच उरत नाही, जिवावर बेततं. ह्यांना पुन्हा मोजून गोळ्या देऊन, कमी करत करत बंद करायला सात महिने लागले.

माझी सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर 9 मिलिमीटर. पाळी गेलेल्या बाईला रक्त गेलं, तर 4 च्या वर असलं की तपासतात. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन मिळत राहिलं, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन नसलं, तर अस्तर वाढत जातं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस मी कुणाशी बोलले नाही. नॉर्मल आला.

म्हणजे हार्मोन वाईटच का? हेही विचारलं. बाई म्हणाल्या, नाही. वाफांचा फार त्रास असेल, वय साठच्या आत असेल, तर तपासून, नजरेखाली देतातच. अमेरिकेत 2002 मध्ये हजारो बायकांवरचा मोठा अभ्यास मध्येच थांबवला होता, कारण दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर आणि पक्षाघात जास्त दिसले. तेव्हापासून कुणाला द्यायचं नि कुणाला नाही, ते निवडून ठरवतात. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉनही सकाळच्या रक्तातून बघतात, तेही एकदा नाही, दोनदा. दांडी धरून काही कळत नाही. शिबिरात त्या साहेबांनी 1990 चा ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनचा परदेशी अभ्यास पडद्यावर दाखवला होता. बाई हसल्या. ते इंजेक्शन मिळालेले म्हातारे होते फक्त 12, आणि पुढच्या अभ्यासांत अंगावर सूज, सांधेदुखी, वाढलेली साखर हेच जास्त हाती लागलं.

उरलेली एक डबी, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि तो 38 पानांचा रिपोर्ट जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही नोंद केली. बिल नाही, त्यामुळे जड जातंय. तुम्ही निदान बिल तरी घ्या, आणि डबी फेकू नका.

नणंदेनं बोलणं सोडलं. जावयाचं नाव काढलं ना आम्ही! यंदा आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, आली नाही. सांजोऱ्या डब्यात तशाच राहिल्या. परवा रात्री अकराला तिचा फोन आला, आवाज अगदी बारीक.

"वहिनी, माझ्याकडेही ती डबी आहे. वर्ष झालं घेतेय. उद्यापासून बंद करून टाकू का?"

मी म्हटलं, "ताई, एकदम बंद करू नका. डबी पिशवीत घाला आणि पहिल्या गाडीनं जळगावला या. मी स्टँडवर थांबते."