संत्र्याचं एक झाड, दोन पदव्या: बी.एस्सी. कृषी की बी.टेक. कृषी अभियांत्रिकी?

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडे भर पावसाळ्यात संत्र्याच्या बुंध्यातून डिंक ओघळू लागला की बागायतदारापुढे दोन प्रश्न असतात. झाडाला झालंय काय? आणि बागेत साचलेलं पाणी काढायचं कुठून? पहिल्याचं उत्तर बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी शिकवते, दुसऱ्याचं बी.टेक. कृषी अभियांत्रिकी. दोन्ही चार वर्षांच्या, आठ सत्रांच्या. पाटीवर ‘कृषी’ दोन्हीकडे असल्यामुळे घरोघरी त्या एकाच मापाने मोजल्या जातात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

बी.एस्सी.चा विद्यार्थी डिंक्या, म्हणजे हा डिंक ओघळण्याचा रोग, बघून फायटोफ्थोरा बुरशीपर्यंत पोहोचतो. बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप त्याला यायलाच हवा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांडं टाळायचं, आणि पावसाळ्याआधी व नंतर बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत लेप द्यायचा. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळं का करायचं, आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून झाडाला ताण कधी द्यायचा, तो भारी काळ्या जमिनीत नीट का बसत नाही, हे सगळं याच पदवीचं.

अभियंत्याचं डोकं त्याच बागेत आकड्यांकडे जातं. 6 बाय 6 मीटरवर हेक्टरी 277 झाडं. झाडाला ताशी 8 लिटरचे 4 ड्रिपर धरले तर अख्ख्या हेक्टरला तासाला 8,864 लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. विहिरीचा पंप तेवढा दाब देतो का? लॅटरल (ड्रिपर बसवलेली नळी) किती लांब टाकली की शेवटच्या झाडांना पाणी कमी पडेल? डंपी लेव्हल हे उंची मोजायचं दुर्बिणीचं उपकरण लावून उतार काढायचा, मग निचऱ्याचा चर कुठे आणि किती खोल घ्यायचा ते ठरवायचं. ही आकडेमोड ज्याला गोड वाटते त्याने बी.टेक. घ्यावं. जिला ती शिक्षा वाटते तिने चार वर्षं स्वतःला छळू नये.

सोयीचं बघितलं तर नागपुरात बी.एस्सी.चं पारडं जड आहे. महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय 1906 पासूनचं, आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्युरोचं मुख्यालय, तिन्ही याच शहरात. अभ्यासक्रमात कृषिविद्या, मृदशास्त्र, कीटकशास्त्र, रोगशास्त्र, वनस्पती पैदास, उद्यानविद्या, अर्थशास्त्र, विस्तार असं सगळं येतं. उणीव त्यातच आहे: सगळं थोडं थोडं. खोली एम.एस्सी.ला येते. शेवटच्या वर्षातला ‘रावे’, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, मात्र या पदवीचा सगळ्यात कसदार भाग. कृषीदूत, कृषीकन्या म्हणून गावात राहायचं, माती परीक्षणाचे नमुने घ्यायचे, बीजप्रक्रिया करून दाखवायची. बरेच जण तो फोटो आणि फाइलींवर निभावतात, हा पदवीचा दोष नव्हे.

बी.टेक.साठी अकोल्याची तयारी ठेवा. विद्यापीठाचं जुनं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय तिथे आहे, नागपूरपासून अंदाजे अडीचशे किलोमीटरवर. शेतयंत्रं व शक्ती, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, प्रक्रिया अभियांत्रिकी, अपारंपरिक ऊर्जा, हे पाच खांब. ‘शेवटी ट्रॅक्टर दुरुस्तच करणार ना?’ हे घरी ऐकावं लागतं, पण ते चूक आहे. बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्राचा गादीवाफा किती रुंद ठेवायचा, जिनिंगमध्ये रुईची प्रत का घसरते, डाळ गिरणीत तूट कुठे जाते, हे त्याचे प्रश्न. सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आणि महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना नागपुरातच आहेत.

खरा निर्णय बारावीनंतर नव्हे, अकरावीला गणित सोडताना होतो. बी.एस्सी. कृषीला गणित गट आणि जीवशास्त्र गट दोन्ही चालतात, बी.टेक.ला गणित लागतंच. सीईटीत गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे, जीवशास्त्राचे 100 प्रश्न प्रत्येकी 1 गुणाचे, आणि चुकीला वजाबाकी नाही. चारही विषय असतील तर दोन्ही गटांची परीक्षा द्या, दारं उघडी राहतात. बी.एस्सी.त गेल्यावर गणितवाल्यांना प्राथमिक जीवशास्त्र आणि जीवशास्त्रवाल्यांना प्राथमिक गणित असतं, त्याची धास्ती नको.

पुढचं थोडक्यात. एमपीएससीची कृषी सेवा आणि बँकांचं कृषी क्षेत्र अधिकारी पद दोघांनाही खुलं आहे, त्यामुळे ‘सरकारी नोकरीसाठी बी.एस्सी.च लागते’ हे खरं नाही. अभ्यासाचा ओघ मात्र बी.एस्सी.च्या बाजूने: या परीक्षांतला बराच भाग बी.एस्सी.वाल्यांनी आधीच शिकलेला असतो. कृषी सेवा केंद्र टाकायचं, बियाणं-कीटकनाशकांच्या कंपनीत जायचं, तर बी.एस्सी. सरळ. एम.टेक. प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेत कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, आयआयटीत एम.टेक. करायचं तर ती वाट बी.टेक.ची.

आमचं माप असं: नागपुरात राहून स्पर्धा परीक्षा किंवा पीक सल्ल्याचं काम डोळ्यापुढे असेल तर बी.एस्सी. गणित पक्कं असेल आणि अकोल्याला जायची हरकत नसेल तर बी.टेक.; कमी लोक तिकडे वळतात, हा तोटा कमी आणि फायदा जास्त.

खासगी महाविद्यालय बघताना इमारतीवर भुलू नका. शेत दाखवा म्हणा. विहीर चालू आहे का, प्रात्यक्षिकाचे वाफे विद्यार्थ्यांच्या नावाने पाडलेत का ते बघा. अभियांत्रिकीचं असेल तर कार्यशाळेतल्या लेथवर धूळ किती ते बघा आणि ट्रॅक्टर विद्यार्थ्यांच्या हाती देतात का ते तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, कार्यालयात नव्हे.